नारळाएवढं कृष्णविवर

संग्रहालयाच्या तळघरातल्या कार्यशाळेत तिला सगळे वावटळबाई म्हणतात, आणि ते काही उगाच नाही. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिच्या हातात करवत आलेली असते. प्लास्टर कालवायला घेतलं की ते केसांत, भुवयांत आणि शेजारच्याच्या चहातही. पण हात असे, की बघत राहावं. तरुणपणी ती कपड्यांच्या दुकानांत उभे करतात ते पुतळे घडवायची. एकाच चेहऱ्याच्या शेकडो बायका घडवून जीव विटला, तेव्हा एका दुपारी तो कारखाना सोडून ती थेट संग्रहालयाच्या दारात येऊन उभी राहिली. "तुमच्या डायनासोरचा एक दात पडलाय. बसवून देऊ का?" दात बसवला आणि स्वतःही तिथेच ठाण मांडून बसली.

आता तिचं काम स्पर्शदालनाचं. ज्यांना दिसत नाही त्यांनी हात लावून जग पाहावं म्हणून तिथे माणसाचं हृदय आहे, ज्वालामुखी आहे, माशीचा डोळा आहे, सगळं हाताच्या मापाचं. या दालनाचा एक कडक नियम आहे. नवीन वस्तू तयार झाली की आधी तिची हातपरीक्षा. न पाहणारा माणूस येऊन ती चाचपतो, आणि तो चाचपत असताना बनवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधून गप्प उभं राहायचं. तोंडून एक शब्द जरी फुटला तरी वस्तू नापास. समजावून सांगावं लागलं म्हणजे ती बनवायला जमलेलीच नाही. नियम रास्त आहे, पण वावटळबाईला गप्प उभं करणं म्हणजे उकळत्या दुधाला उतू जाऊ नकोस म्हणण्यासारखं आहे. परीक्षेच्या वेळी ती बाहीचं टोक दातांत धरते. तिच्या सगळ्या बाह्या कुरतडलेल्या आहेत.

तिची थोरली बहीण जन्मापासून पाहू शकत नाही. ताई एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. दोघी एकाच घरात राहतात, एकमेकींच्या डोक्यावर बसतात, आणि दुसऱ्या कुणी एकीला बोललं तर दोघी मिळून त्याचा समाचार घेतात. हृदय, ज्वालामुखी, माशीचा डोळा, सगळ्यांची परीक्षा ताईनंच घेतली होती. पण दालनात आकाशाचा कोपरा होणार म्हटल्यावर तिनं साफ सांगितलं, "ते सोडून काहीही."

त्याला कारण होतं. लहानपणी गच्चीवर पडल्या पडल्या धाकटीनं ताईला तारे सांगितले होते. "केवढे असतात?" ताईनं विचारलं. "साखरेच्या दाण्याएवढे," धाकटीनं ठोकून दिलं. तिला तेवढेच दिसत होते, ती तरी काय करणार! ताईनं ते शाळेत, भर वर्गात, ठासून सांगितलं. बाईंनी तारा म्हणजे काय ते समजावलं आणि सगळा वर्ग पोट धरून हसला. त्या दिवसापासून घरात आकाश हा विषय बंद. "तुमचं आकाश तुम्हालाच लखलाभ," एवढंच ताई म्हणायची. धाकटीनं बहिणीला जगातलं सगळं हातात आणून दिलं, पण अर्धं जग वर होतं आणि ते द्यायचं राहूनच गेलं होतं.

मग एक दिवस खगोल विभागाचे सर जिना उतरून खाली आले. कार्यशाळेत त्यांना आकाशवाले सर म्हणतात. शांत माणूस, एका वाक्यानंतर दुसऱ्या वाक्याआधी चष्मा पुसणारा. म्हणाले, "बाई, आकाशाच्या कोपऱ्यासाठी एक कृष्णविवर करता येईल का?"

"म्हणजे काय असतं?"

"एखादा अवाढव्य तारा जळून संपतो. वरची टरफलं उडून जातात आणि मधला गाभा स्वतःच्याच वजनाखाली आत कोसळतो. इतका दाबला जातो, की त्याच्या ओढीतून काहीच सुटत नाही. प्रकाशसुद्धा नाही."

"मग दिसतं कसं?"

"नाहीच दिसत. प्रकाश बाहेर आला तर दिसणार ना! भोवती तापलेला वायू फिरत असला तर तो दिसतो. मधला काळोख तो काळोखच."

"कुणालाच दिसत नाही?" वावटळबाई उठून उभी राहिली. "सर, म्हणजे तुम्हालाही दिसत नाही? मलाही नाही?"

"कुणालाच नाही," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. त्यांना पुढे बरंच सांगायचं होतं. पुसून वर बघतात तो बाई जिन्यावर.

त्या संध्याकाळी घरी नुसता गोंधळ. "ताई, ऐक, आकाशातली एक वस्तू अशी आहे, की ती बघायला माझे डोळे आणि तुझे डोळे सारखेच!" ताईनं नाक मुरडलं. धाकटीनं पिच्छा सोडला नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, ताई दात घासत असतानाही तेच. शेवटी ताई कंटाळून म्हणाली, "येते. पण हे शेवटचं. मला कळलं नाही तर पुन्हा मरेपर्यंत माझ्यापुढे आकाशाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल!" धाकटी म्हणाली.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? सरांना गाठून उरलेलं ऐकलं असतं. पण ही वावटळ. एका पुस्तकात तिला चित्र सापडलं. ताणलेल्या चादरीवर जड गोळा ठेवल्यासारखा एक खोल खड्डा, वर रुंद, खाली निमुळता. बस्स! तिनं तारा वाकवल्या, कापड ताणलं, वर प्लास्टर चढवलं, घासून घासून लोण्यासारखं गुळगुळीत केलं. इतकं सुरेख झालं, की रखवालदारसुद्धा येता-जाता हात फिरवून गेला.

ताई आली. सर आले. वावटळबाई हात पाठीमागे बांधून, बाही दातांत धरून उभी राहिली. ताईची बोटं काठावरून आत उतरली, गोल गोल फिरत खाली गेली. मग ती थांबली. तिनं हात बाहेर काढला आणि काठाच्या खालून पलीकडे नेला. वरून खाली, खालून वर.

"हे तर नरसाळं आहे," ताई म्हणाली. "वरून आलेली वस्तू यात पडेल. पण खालून आलेली? ती तर निवांत निघून जाईल. आणि आकाशात वर कुठलं नि खाली कुठलं?"

बाहीचा दोराच तुटला. सर हळूच म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. ते चित्र कागदासाठी असतं. कागदाला नुसती लांबी-रुंदी, म्हणून ओढ दाखवायला खड्डा काढतात. खरं विवर खड्डा नसतंच. ते सगळ्या बाजूंनी सारखं असतं, चेंडूसारखं. मी त्या दिवशी हेच सांगणार होतो, पण..." पुढचं त्यांनी सभ्यपणे गिळलं.

ताईनं पर्स खांद्याला लावली. "झालं तर मग."

"नाही झालं!" वावटळबाईनं दारच अडवलं. "चूक माझी आहे, आकाशाची नाही. ताई, एक संधी. एकच." तिचा आवाज चिरकला होता. टेलिफोनवर आयुष्य काढलेल्या बाईला आवाज कळतो. ताईनं पर्सचा पट्टा सारखा केला. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी. आणि या वेळी आधी ऐकून घे."

तो आठवडा वावटळबाईनं जन्मात कधी नव्हतं ते केलं. दुसऱ्याचं पूर्ण ऐकलं. डब्याच्या सुट्टीत सर बोलायचे आणि ती तोंडाला कुलूप लावून बसायची. आणि काय एकेक ऐकलं तिनं! कृष्णविवर धूळ ओढणाऱ्या यंत्रासारखं सगळं ओढून घेत सुटत नाही. उद्या सूर्याच्या जागी त्याच्याच वजनाचं विवर ठेवलं तर पृथ्वी गारठेल, पण फिरत राहील तशीच, त्याच वाटेनं. लांबून ओढ साधी असते. जवळ जावं तशी ती वाढते. आणि एका अंतरावर अशी सीमा येते, की ती ओलांडली की संपलं, परतीची वाट नाही. तिला घटना क्षितिज म्हणतात. तिथे भिंत नसते, दार नसतं, आत जाणाऱ्याला काही लागतही नाही. फक्त परत येता येत नाही.

"सर, मला झोप येईना झालीये," ती एका दुपारी म्हणाली.

"मला तर शाळेत असल्यापासून येत नाही," सर म्हणाले, आणि त्या दिवशी चष्मा पुसायलाही विसरले.

रविवारी टेबलावर खड्डा नव्हता. बारीक तारेच्या जाळीचा, नारळाएवढा एक पोकळ गोळा होता, चहूबाजूंनी दोऱ्यांनी अधांतरी टांगलेला. बोट आत जाणार नाही, पण मणी शिरेल, एवढी जाळी दाट. आत बरोबर मध्यभागी एक जबरदस्त लोहचुंबक. शेजारी दोऱ्याला बांधलेला लोखंडाचा इवलासा मणी.

वावटळबाई हात पाठीमागे बांधून उभी राहिली. ताईनं आधी गोळा चाचपला, वरून, खालून, मागून. मग दोरा चिमटीत धरला. मणी लांब होता तोवर सरळ लोंबत होता. थोडा पुढे नेला. "अगं!" ताई म्हणाली. मणी किंचित कलला होता. तिनं तो मागे घेतला, मग खालून आणला, आणि मणी वर ओढला जायला लागला. पलीकडून आणला, तिकडूनही तेच. तिचे ओठ हलत होते. आणखी जवळ. दोरा ताणला, बोटं थरथरली, तरीही तिनं तो ओढून परत घेतला आणि लहान मुलीसारखी हसली. मग पुन्हा नेला, या वेळी अगदी जाळीशी, आणि मणी तिच्या बोटांना हिसका देऊन आत. टक्क! तिनं ओढलं. दोराच तुटून हातात आला.

"गेला!" ताई ओरडली. तिनं जाळी सगळीकडून चाचपली. "निघत नाही गं! आत गेलेला कळला, पण निघत नाही!"

वावटळबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडातून आवाज नव्हता. ही तिच्या आयुष्यातली सर्वांत अवघड परीक्षा होती.

चाचपणं संपलं तसे सर पुढे झाले. "खऱ्या विवराला हे चुंबक जुळत नाही बरं का. चुंबक फक्त लोखंड ओढतं. ते सगळंच ओढतं. जाळीच्या जागी ती सीमा समजा. तिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही, आणि प्रकाशाहून वेगवान निरोप्या जगात नाही."

"म्हणजे आतून फोन लागत नाही," ताई म्हणाली. "लाइन कायमची बंद."

"अगदी तसंच!"

"मग ते तिथे आहे हे कळतं कसं तुम्हाला?"

"शेजाऱ्यांवरून. एखादा तारा रिकाम्या जागेभोवती गरगर फिरताना दिसतो. कुणीतरी त्याला धरून ठेवल्याशिवाय तो असा फिरणार नाही."

ताईनं टाळी वाजवली. "आमचे मोठे साहेब दारात येऊन चोरपावलांनी उभे राहतात ना, ते मला असेच कळतात! त्यांचा आवाज नसतो. पण खोलीतल्या बाकीच्यांचं बोलणं एकदम सरळ होतं." सरांना हसू आवरेना.

"पास का नापास?" वावटळबाईला शेवटी राहवलं नाही.

"थांब," ताई म्हणाली. दोन्ही तळव्यांत तिनं तो गोळा धरला होता. "सर, हे जिच्या पोटातून झालं, ती चांदणी केवढी होती? या मापानं सांगा."

वावटळबाईनं बाही पुन्हा दातांत धरली. सरांनी कागद ओढून आकडेमोड केली, मग शहराचा नकाशा काढला. त्यांचा चेहरा उजळत गेला. "ताई, खरं विवर एवढं असतं, की अख्खं शहर त्यात मावेल. ते आपण नारळाएवढं केलं. या मापानं तो तारा, म्हातारपणी फुगायच्या आधीचा... मध्यभाग या टेबलावर धरला तर त्याची कड येईल थेट बसच्या शेवटच्या थांब्यापाशी. चारी दिशांना तेवढाच."

"चल," ताई धाकटीला म्हणाली.

"कुठे?"

"कडेला."

बस दुपारची, अर्धी रिकामी. ताई खिडकीशी बसली. चौक गेला, रुग्णालय गेलं, बाजार गेला. "अजून ताऱ्यातच आहोत?" तिनं विचारलं. "ताऱ्यातच," धाकटी म्हणाली. पूल आला, चाकांचा आवाज बदलला. "आणि आता?" "अजून आत." ताईनं पुढच्या बाकावरच्या अनोळखी आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, तुम्हाला माहिती आहे का, आपण कधीचे एका ताऱ्यातून चाललोय!" आजोबा दचकून म्हणाले, "मला तर गोदामापाशी उतरायचंय." "उतरा की, तेही ताऱ्यातच आहे!" गोदाम गेलं, विटांची भट्टी गेली, घरं विरळ झाली. प्रत्येक थांब्याला ताई विचारत होती, प्रत्येक थांब्याला धाकटी सांगत होती, आणि दर वेळी ताईचा आवाज एक पट्टी वर चढत होता.

शेवटच्या थांब्यावर दोघी उतरल्या. बस वळून उभी राहिली. पुढे मोकळं रान होतं आणि वारा.

"इथे संपला," धाकटी म्हणाली.

ताईनं वाऱ्यात हात लांबवला आणि पंजा पसरून बराच वेळ तसाच धरला. मग मान वर केली.

"एवढा मोठा," ती म्हणाली. "आणि असे किती आहेत गं? सांग मला."