बर्गंडी आणि मनुकांचं सरबत

धाकट्या भावाने पायमोज्यांत गुंडाळून आणलेले काचेचे दोन पेले मी तीनदा धुतले, तरी त्यातून प्यायची किळस काही गेली नाही. हे पेले आणि तांबड्या बर्गंडी वाइनची एक बाटली घेऊन तो चार वर्षांनी इस्रायलहून पनवेलला आला होता. तिथे तो वाइनच्या व्यापारात आहे. बाटली कोशर, म्हणजे आमच्या धर्माला चालणारी होती, तेवढी लाज त्याने राखली होती.

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की शब्बाथची, म्हणजे आठवड्याच्या पवित्र दिवसाची प्रार्थना होते, ती आईच्या सरबताचा पेला हातात धरून; मग सगळे त्यातला घोट घेतात. कोकणातल्या आम्हा बेने इस्रायली ज्यूंना त्यासाठी वाइन कुठून मिळायची? काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. आईला आता नीट दिसत नाही. स्वयंपाक सुटला, शिवण सुटलं, एवढं एकच काम तिच्या हातात उरलं होतं. गुरुवारपासूनच ती मनुकांसाठी माझ्यामागे लागायची.

त्या शुक्रवारी सरबताने भरलेला चांदीचा पेला टेबलावर तयार होता. भाऊ म्हणाला, "ताई, आज खऱ्या वाइनवर प्रार्थना म्हणू. पण आधी टेस्ट कशी करतात ते बघ."

त्याने पेल्यात वाइन घेऊन गरागरा फिरवली, नाक आत खुपसलं आणि डोळे मिटून सांगितलं, "ओली पानं, अळंबी, आणि मागून थोडासा गोठा." गोठा म्हणताना त्याचा चेहरा फुलला होता. मला मात्र पावसात भिजलेल्या चपलांचा वास आला. मग त्याने घोट तोंडात खुळखुळवला आणि माझ्या आमटीच्या वाटीत पचकन थुंकला. म्हणे जाणकार असंच करतात.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण त्याने आईच्या सरबताचाही घोट घेतला, तसाच खुळखुळवला आणि त्याच वाटीत थुंकला. "आई, हे नुसतं गुळचट पाणी आहे गं," असं म्हणत उरलेलं त्याने मोरीत ओतलं आणि चांदीच्या पेल्यात बर्गंडी भरली. आईला दिसलं नसेल, पण ऐकू सगळं आलं. तिने पदराने तोंड पुसलं, जणू काही तिच्याच तोंडाला लागलं होतं.

प्रार्थना झाली. माझ्या वाट्याचा घोट आंबट आणि तुरट, जीभ आखडून गेली.

"कशी आहे गं?" आईने मला विचारलं. भाऊ माझ्याकडे बघत होता. तो रविवारी जाणार, कशाला वाईटपणा घ्या?

"छान आहे," मी म्हणाले. त्या वाटीपेक्षाही मला त्या क्षणी माझीच जास्त शिसारी आली.

पुढच्या शुक्रवारी मी मनुका शोधू लागले, तर आईने त्या कामवालीला देऊन टाकल्या होत्या.

"तसली बाटली इथे मिळते का बघ," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, आई, ती वाइन मला अजिबात आवडली नव्हती, तोंडात धरवत नव्हती, तुझंच सरबत मला हवंय.

तिने माझा हात थोपटला. "राहू दे गं," ती म्हणाली. "माझं मन राखायला आता खोटं बोलू नकोस."