पुंजाजीचा सवाल

बडनेरा स्टेशनावरून अमरावतीला जायला पुंजाजीच्या ऑटोत बसलं, की भाड्याच्या आधी त्याचा सवाल यायचा, "सध्या कोणतं गाणं ऐकून राहिले?" आवडलं तर पुढच्या सवारीला तेच वाजवून दाखवायचा, कुणी "काहीच नाही" म्हटलं, की त्याचं डोकं फिरायचं.

परवा सत्तरीच्या सुंदराबाई म्हणाल्या, "माह्याजवळ मोबाईलच नाही, बापू."

"मंग दिवस तरी कसा जाते तुमचा, मावशी?" पुंजाजी उखडला.

"सून भाकरी थापताना लय गोड गाते. पण कोणी ऐकून राहिलं समजलं, की लाजून चूप बसते. म्हणून सहा महिने झाले, मी बहिरी झाली. सांगू नको बरं तिले!"

पुंजाजी चरफडला. आता हे पुढच्या सवारीला वाजवून दाखवायचं कसं?