ऑस्ट्रेलिया नावाचा बकरा

रुखमाबाईच्या बकऱ्याचं नाव ऑस्ट्रेलिया. ते तिनं ठेवलं नव्हतं. ठेवलं शेजारच्या झिंगूनं, आणि झिंगूच्या तोंडून निघालेलं नाव ग्रामसभेनं ठराव केला तरी बदलत नसे. "बाई वो, तुमचा ऑस्ट्रेलिया आमच्या बांधीत घुसला!" अशी आरोळी उठली की कुरखेड्याच्या अलीकडचं ते अख्खं गाव हसायचं आणि रुखमाबाई काठी घेऊन त्या धानाच्या शेताकडे पळायची.

बकरा नवसाचा होता. तिचा एकुलता एक मिथुन नर्सिंग शिकून ऑस्ट्रेलियात गेला, तिथल्या इस्पितळात लागला, आणि आता तिथलाच नागरिक होण्यासाठी अर्ज करून बसला होता. अर्जाची परीक्षा झाली, पास झाल्याचा फोन आला आणि घरात पेढे वाटले गेले. घोटाळा तिथंच झाला. गावाच्या लेखी परीक्षा पास म्हणजे काम फत्ते! मिथुन बिचारा सांगत होता, "आई, निर्णय बाकी आहे. तो लागेपर्यंत इथून हलू नको म्हणते वकील. लागला का निघालोच समज."

इकडे खाटेवर देवराव, रुखमाबाईचा नवरा. लकव्यानं त्याचं अर्धं अंग नेलं होतं आणि अर्धी जीभही. उरलेल्या जिभेवर एकच शब्द नीट यायचा. दार वाजलं की लेकासाठी विचारायचा, "पोट्टा?" वाऱ्यानं वाजलं तरी "पोट्टा?" त्याचे डोळे मिटायच्या आत मिथुन दारात दिसावा, एवढंच रुखमाबाईला हवं होतं.

म्हणून ती जंगलाच्या काठच्या वाघदेवाकडे गेली. तिथला पुजारी, भुमका चैतू, म्हणाला, "मोठ्यानं बोल, बाई. देव जुना आहे, पण शब्दाचा पक्का."

"मिथुनचा निर्णय लागू दे, देवा. बकरा देतो."

चैतूनं बकऱ्याच्या कानाला चीर दिली. कान चिरला की बकरा देवाचा. मग तो विकायचा नाही, घरी कापायचा नाही; नवस फळला की देवापुढेच द्यायचा आणि गावानं तिथंच जेवायचं.

झालं, गावाच्या तोंडाला पाणी सुटलं. हँडपंपावर बायनाबाई रोज घागर बाजूला ठेवून चौकशी करायची.

"काऊन वो रुखमा, लागला का निकाल?"

"नाई वो."

"पास झाला म्हणे ना? मंग अडून काऊन राह्यलं? कोणाले काही द्या लागत असन."

"तिकडं तसं नाई चालत."

"अगो बाई! मंग तर लागतच नाई!"

बायका खिदळल्या. रुखमाबाईही हसली, कारण न हसावं तर दुसऱ्या दिवशी आणखी चिडवतील.

पोळा गेला, दिवाळी गेली, मंडईच्या जत्रेतलं नाटकही होऊन गेलं. बकरा माजला, देवराव वाळत गेला. पौषाच्या थंडीत एका पहाटे दार वाजलं आणि खाटेवरून कुणी काही विचारलं नाही.

"आई, आता निघालो तर सारं पाण्यात जाते," मिथुन फोनवर रडला. "राहू दे, बापा," ती म्हणाली. अग्नी पुतण्यानं दिला. मिथुनला दिसावं म्हणून फोन धरून उभा होता झिंगू. सरण ढासळेपर्यंत त्याचा हात खाली आला नाही, आणि त्या दिवशी त्याला एकही थट्टा सुचली नाही.

मोहाची फुलं पडू लागली तेव्हा निर्णय लागला.

"आई, झालं! आता मी इथला झालो."

"मंग येते ना बापा?"

"आता आपला पासपोर्ट परत द्या लागते, आई. इथला काढतो, मंग भारताचा विसा मागतो. तो भेटला का येतो."

"विसा? आपल्या घरी याले?"

"हो."

ती तडक चैतूकडे गेली. "पोट्टा तर आला नाई. मंग बकरा काऊन देऊ?"

चैतूनं मान खाजवली. "बाई, तू निर्णय मागतला. देवानं देला. पोट्टा तू मागतलाच नाई."

बकरा दिला. नवसाचं मटण शिवेच्या आत न्यायचं नसतं, म्हणून गाव जंगलातच पंगतीला बसलं. दुःखाची गोष्ट खरी, पण खोटं कशाला बोला, बकरा चवदार निघाला. बायनाबाईनं तीनदा रस्सा मागितला.

रुखमाबाई देवापुढेच उभी होती. चैतू जवळ येऊन हळू म्हणाला, "विसाचा नवस बोलते का? या बारीनं नीट शब्द बोलजो."

तिनं हात जोडले. 'येऊ दे' म्हणावं, तर येईल आणि चार दिवसांनी जाईल. 'इथंच राहू दे' म्हणावं, तर ज्याच्यासाठी बाप सोडला तेही त्याच्या हातचं जाईल. 'भेटू दे' म्हणावं, तर ज्याला भेटायचं होतं तो माणूस राख होऊन नदीत गेलेला. देव तर शब्दाचा पक्का. तिचे ओठ हलले आणि घट्ट मिटले.

"बाई वो, या ना! रस्सा थंडा होऊन राह्यला!" पंगतीतून झिंगूनं हाक मारली.

ती तशीच उभी राहिली.