अप्पांचा जड शेर

निजामाच्या राज्यात भालकीच्या बाजारात वजनं तपासायला एक साहेब यायचे. नाव कुणी विचारलंच न्हाई. पाणीसुद्धा आपल्या सुरईतलं प्यायचे, जणू आमच्या आडाचं पाणी म्हंजे लाचच बाई. आधी स्वतःची दोन वजनं समोरासमोर तोलून दाखवायचे, मगच दुसऱ्याच्या वजनाला हात.

एकदा आमच्या अप्पांच्या दुकानातला शेर जड निघाला. वजनावर साहेबांची छाप न्हाई तर दुकान बंद. तरी अप्पा खुशीतच म्हणाले, "जड हाय म्हंजे गिऱ्हाइकाचाच फायदा की, साहेब."

"व्हय? आन् शेतकऱ्याची ज्वारी घेताना कोणता शेर घालता, अप्पा?"

अप्पा छताकडं बघायले. शेर जप्त झाला. हसत हसत शेतकऱ्यांनी साहेबांना जेवायला बोलावलं.

"नको," साहेब म्हणाले, "तुमची दुधाची मापं बघायचीत अजून."