काचमामांचा रोमन पक्षी

काचमामांचे गाल फुगले की सातवीचा अख्खा वर्ग श्वास रोखायचा. बर्नरवर काचनळीचं टोक लाल होई, मामा जेमतेम एक फुंकर घालत आणि बोराएवढा फुगा उमलून येई. पवनीच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा सांभाळत. मी इतिहास शिकवायचो.

रोमन अत्तरकुपी त्यांना मीच दाखवली, पुस्तकातल्या चित्रात. दोन हजार वर्षांपूर्वीचा काचेचा पोकळ पक्षी. अत्तर भरलं की शेपटीचं टोक वितळवून बंद करायचं. वापरायचं तेव्हा शेपटी मोडायची. मामा चित्र निरखून म्हणाले, "मोडल्याबिगर वासच नाई? लय डोक्याचा होता जी हा रोमवाला. गिऱ्हाईक परत आलाच पायजे!" पंधरा दिवसांत पहिला पक्षी माझ्या टेबलावर होता. मान वाकडी, पोट मात्र सुरेख.

बिघडलेले पक्षी मामा कचऱ्यात टाकत नसत. शाळेमागे हातभर खड्डा करून गाडत. "पोराच्या पायात घुसली त मंग?" एवढंच म्हणत.

काही वर्षांनी तिथेच कुंपणाचा पाया खणताना एक पक्षी निघाला. मातीत राहून काच धुरकट झालेली, शेपटी तुटलेली. पवनी हे प्राचीन गाव, तिथल्या मातीत जुनं काही सापडणं नवलाचं नाही. तरी मनात शंका आली होती. ती मी दाबली, कारण मला शोध लावायचा होता. पवनीत रोमन अत्तरकुपी सापडल्याचा माझा लेख फोटोसकट पेपरात आला. मग नागपूरहून एक जाणकार आले. भिंगही न काढता म्हणाले, "ही तर शाळेतली काचनळी."

मुख्याध्यापकांनी सर्वांदेखत विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मामा असे पक्षी करतात." वाक्य खरं होतं. मी तिथेच थांबलो. मामांनी मला फसवायला काच पुरली, असा अर्थ सगळ्यांनी काढला. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली गेली. निवृत्तीपर्यंत मामांनी ऑफिसबाहेर स्टुलावर बसून घंटा दिली. एखादा शिक्षक जाता जाता टोमणा मारी, "काय मामा, आज काय पुरलं?" मामा हसून म्हणत, "तुमचा पगार!" मी दिसलो की तितक्याच मोकळेपणाने "चाय झाला का जी सर?" विचारत. त्या प्रश्नाने माझी मान खाली जाई.

निरोप समारंभात मी त्यांच्यावर मोठं भाषण केलं. प्रामाणिक, कष्टाळू, सगळी विशेषणं वापरली. नंतर त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. मुलीकडे, लाखांदूरला निघाले होते.

"भाषन झकास झालं, सर," ते म्हणाले. "पन मी काच कायले गाडत होतो, ते सांगाचं राहूनच गेलं."

मी म्हणालो, "मामा, परत चला. आत्ता सगळ्यांना सांगतो."

"आता कोनाले सांगता? मांडववाला खुर्च्या घेऊन गेला. तुमी पेपरात लिवलं होतं ना? मंग पेपरातच लिवा. मी वाचीन."

एसटी आली. खिडकीतून त्यांनी हात हलवला.

मामा, लिहितो आहे. तुम्ही कुणालाही फसवलं नाही. पोरांच्या पायांना लागू नये म्हणून तुम्ही काच गाडत होता. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो.