मागच्या दारानं जा

माझी आत्या शिवणकाम करायची आणि तिच्या घरातून रस्ता जायचा. म्हणजे खरोखरच जायचा. पुढचे दार बाजाराच्या गल्लीत, मागचे दवाखान्याच्या. मधे ती मशीन घेऊन बसलेली. वळसा नको म्हणून अख्खी गल्ली तिच्या घरातून ये-जा करायची. आत्याची अट एकच: "पाय पुसून जा रे!" जाता जाता कुणी सुईत दोरा ओवून द्यायचे, कुणी उतू जाणारे दूध उतरवायचे. दवाखान्यातल्या नर्सबाई तर उभ्या उभ्या ब्लाउजचे माप देऊन ड्यूटीवर पळायच्या.

"बाई, वाढलात."

"तुझी टेप आटलीय!"

मग शहर वाढले. घर रस्ता रुंद करण्यात गेले आणि आतेभावाने शहराच्या टोकाला बंगली घेतली. मी रस्त्यांचे नकाशे काढते. नव्या वसाहतींच्या गल्ल्या नकाशावर फांद्यांसारख्या दिसतात. खोडातून निघतात, हवेत संपतात, एकमेकींना भेटत नाहीत. आत्याची ही नवी गल्लीही भिंतीपाशी संपलेली.

सवय मात्र गेली नव्हती. गॅसवाल्याने रिकामे सिलिंडर उचलले, तशी ती म्हणाली, "मागच्या दारानं जा, जवळ पडेल." बिचारा गेला. मागे मोरीएवढी जागा आणि पुढ्यात उंच भिंत. खांद्यावर सिलिंडर तसेच घेऊन तो परत आला. "आजी, जवळ काय पडेल?"

आत्या हसली खरी, पण त्या दिवसापासून मशीनवर चादर पडली. जेवणही कमी झाले. आतेभाऊ समजूत घालायला लागला की म्हणायची, "इथे मुद्दाम आलं तरच कुणी येतं रे. जाता जाता कुणी येतच नाही."

एकदा मागच्या दाराशी कपडे वाळत घालताना ती मांजरावर खेकसली. भिंतीपलीकडून आवाज आला, "शिवणवाली का गं?"

"बाई? तुम्ही?"

नर्सबाई लेकीकडे, भिंतीला लागूनच्या वसाहतीत राहायला आल्या होत्या. पण जायचे तर फाटक, मोठा रस्ता, पूल, पुन्हा फाटक. आत्याच्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते. भिंतीत दार पाडू द्या म्हणून मी दोन्ही सोसायट्यांकडे गेले. दोन्हीकडे एकच उत्तर: चोर येतील.

"चोर काय दार शोधत बसतात?" नर्सबाई म्हणाल्या.

पुढच्या खेपेला गेले तर मशीन मागच्या दारात. चादर गायब. भिंतीला शिडी टेकलेली, पलीकडे नर्सबाईंच्या कमरेला गुंडाळलेली, दोन टेपा जोडून केलेली लांब टेप वरून लोंबत होती. आत्या टेपेचे टोक धरून ओरडत होती, "श्वास सोडा, बाई! पोट आत ओढून माप देऊ नका!"

मी निघाले तशी ती मान वर न करता म्हणाली, "मागच्या दारानं जा. तुझा बसथांबा तिकडेच आहे."

लॅपटॉपची बॅग पाठीवर टाकून मी चढले. पलीकडेही शिडी होती. खाली चिंध्यांचे नवेकोरे पायपुसणे आणि शेजारी खुर्चीत नर्सबाई.

"हळू उतर," त्या म्हणाल्या. "आणि पाय पुसून जा गं."