मी दिलेला सूर

सरावलीच्या आमच्या लहानशा प्रार्थनाघरात पेटी नव्हती. बायकांमधली एक जण गाणं उचलायची, मग बाकीचे धरायचे. कितीतरी वर्षं ते काम माझ्याकडेच होतं. आवाज बेताचाच, पण दुसरं कोणी पुढे येत नव्हतं, म्हणून मी स्वतःला गायिका समजू लागले होते.

२०१५ साली धाकटी जाऊ तलासरीहून लग्न होऊन आली. पहिल्याच रविवारी ती मागच्या ओळीत बसून गायली आणि माणसं माना वळवून बघू लागली. पुढच्या वर्षी प्रार्थना चालवणाऱ्या पाळकांनी गाणं उचलायचं काम तिला दिलं. "बरं झालं, माझ्या घशाची सुटका झाली," असं मी चारचौघींत म्हटलं. पोटात मात्र दुखत होतं. तिने भात केला की मला गिचका लागे, अंगण सारवलं की कोपरा राहिलेला दिसे.

कुठल्या सुरात सुरुवात करायची, तेवढं मात्र तिला उमगत नसे. म्हणून उभं राहण्याआधी ती माझ्याकडे वाकायची आणि मी हळूच गुणगुणून सूर द्यायचे. नाताळच्या सकाळी प्रार्थनाघर भरलं होतं, तिच्या माहेरची माणसंही आली होती. ती वाकली. मी सूर दिला, नेहमीपेक्षा बराच वरचा, जाणूनबुजून.

पहिलं कडवं तिने ओढून नेलं. दुसऱ्यात आवाज फाटला. पोरं हसली, मोठ्यांनाही हसू आवरलं नाही. मी पटकन खालच्या सुरात गाणं उचलून घेतलं, तर लोक म्हणाले, जाऊ असावी तर अशी. त्यानंतर ती गायला उभी राहिली नाही.

माझी जागा मला परत मिळाली, पण प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटतात तेव्हा, ती घ्यायला हात पुढे होईना. येशूसमोर हे ढोंग किती दिवस चालणार होतं? ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी रोज भाकऱ्या थापताना तिच्यासाठी प्रार्थना करू लागले. सुरुवातीला दातओठ खात. तिचं भलं कर, एवढंच म्हणायचे, आणि तेही वरवर. मग एकदा ती विहिरीवर स्वतःशीच गाताना कानावर पडली आणि मला नुसतं बरं वाटलं. कुठे काही टोचलं नाही. मी हंडा खाली ठेवून रडले. हे माझ्याच्याने झालेलं नव्हतं, देवाने केलं होतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ती मासळी साफ करत असताना मी तिला सगळं सांगितलं.

"मला तवाच कळलेलं, ताय," ती म्हणाली. "सूर लय वरचा होता."

"मग उचललास कशाला?"

"तुमी दिला ना."

तिने मला माफ केलं, मनापासून. दुसऱ्या दिवशी मी तिचा हात धरून तिला पुढे नेलं. तिने तोंड उघडलं, पण आवाज घशातच राहिला. ओशाळं हसून ती जागेवर जाऊन बसली. अजूनही रविवारी गाणं मीच उचलते. ती माझ्या शेजारी उभी राहून गाते, इतकं हळू की ते फक्त मला ऐकू येतं.